कुठले जाधव?

मला पानावरून उठवलं तेव्हा भात वाढून झाला होता आणि वरण यायचं होतं.

डोंबिवलीतलं घर. तिसरा मजला. नवरात्रातली अष्टमी. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून आम्हा नऊ मुलींना दोन ओळींत पाटावर बसवलं होतं. समोर केळीची पानं, पानाभोवती रांगोळी. मी तेव्हा चौथीत होते. केळीच्या पानावर पहिल्यांदाच जेवायला बसले होते, त्यामुळे मीठ कुठे वाढतात, लिंबू कुठे ठेवतात, हे सगळं डोळे फाडून बघत होते. पुरणपोळीवरून तूप ओघळत होतं. ती पोळी माझ्या आईने लाटली होती.

आई त्या घरी पोळ्यांना होती. रोज सकाळी शहाडच्या आमच्या चाळीतून निघायची आणि डोंबिवलीत तीन घरी पोळ्या करून दुपारी परत यायची. सणावाराला पूर्ण स्वयंपाक. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मला सोबत नेलं होतं. मी स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात गप्प बसायचं असं ठरलं होतं. पण समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीला ताप आला आणि कुमारिका आठच उरल्या. देवीला नऊ लागतात. त्या घरच्या सूनबाई, ज्यांना आई वहिनी म्हणायची, घाईघाईने आत आल्या. बँकेत नोकरी करणाऱ्या, हसऱ्या बाई.

"जाधवबाई, तुमची लेक बसवते हं. एक कमी पडतेय."

आईचे दोन्ही हात पुरणात होते. ती म्हणाली, "नको वहिनी. राहू द्या."

"अहो संकोच कसला करताय? लहान मुलगी म्हणजे देवीच." आणि त्यांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

वहिनींनी माझे पाय परातीत ठेवून धुतले. टॉवेलने पुसले. पावलांवर कुंकवाची बोटं ओढली. एवढ्या मोठ्या बाईने माझ्या पायांना हात लावलेला मला कसंतरीच वाटलं. गुदगुल्या झाल्या. मी हसले, त्याही हसल्या.

मग त्यांच्या सासूबाई ओळीने प्रत्येकीला कुंकू लावत आल्या. लावता लावता विचारत होत्या, तुझं नाव काय, कितवीत आहेस, डान्स शिकतेस का. माझ्यापुढे वाकल्या. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकलं.

"पोळीवाल्या जाधवबाईंची ना तू? कुठले गं जाधव तुम्ही? कुलदेवी कोणती तुमची?"

मला उत्तर येत होतं. उत्तर येतं म्हणून मला आनंदच झाला.

"आमच्यात देवी नसते आजी. आम्ही बौद्ध आहोत."

बोट निघालं. अर्धं कुंकू कपाळावर, अर्धं त्यांच्या बोटाला.

"ऊठ."

मला वाटलं माझी जागा चुकली. मी बाजूला सरकले. त्या पुन्हा म्हणाल्या, "ऊठ म्हणतेय ना." मी उठले. आठ मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक माझ्याच वयाची, दोन वेण्यांची. तिने तिचा फ्रॉक गोळा करून जवळ ओढून घेतला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, हे मी त्यानंतर अनेकदा स्वतःला विचारलंय.

सासूबाई सुनेकडे वळल्या. "तू हिचे पाय धुतलेस?"

वहिनी बाथरूममध्ये गेल्या. दार लागलं, बादलीत पाणी पडायला लागलं. आंघोळ करून, साडी बदलून, ओले केस घेऊन त्या बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळून देव्हाऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शिकलेली बाई. बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळणारी बाई.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आधी आत गेली. तव्यावरची पोळी उलटली, भाजली, उतरवली, मग गॅस बंद केला. हात धुतले. नखांतलं पुरण काढलं. हे सगळं करायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. मग बाहेर येऊन तिने माझा हात धरला.

सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही आम्हाला फसवलंत. आज नैवेद्याचा स्वयंपाक आहे हा. आता तो देवीपुढे कसा ठेवू?"

आई म्हणाली, "फसवलं कुठं? तुम्ही विचारलं नाय. हिला विचारलंत, हिने खरं सांगितलं."

"तुम्ही सांगायचं होतंत."

आई चपला घालायला लागली. वहिनींनी मध्येच माझ्या पानावरच्या दोन पुरणपोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केल्या. "मुलगी उपाशी जायला नको," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाणी पाहिलंय, म्हणून सांगते, त्या पाण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. आईने पुडकं घेतलं नाही. आम्ही जिना उतरलो. वरून कुणीतरी म्हणत होतं, खालच्या मजल्यावरच्या मुलीला बोलव लवकर, पानं गार होतायत.

गाडीत आई सगळा वेळ बाहेर बघत होती. मला भूक लागली होती आणि ती रागावली आहे असं वाटत होतं. माझंच काहीतरी चुकलं. चाळीच्या तोंडाशी शेजारच्या मावशी भेटल्या. "काय गं, कुंकू कसलं लावलंस कपाळाला?" तेव्हा मला कळलं की ते अर्धं कुंकू तसंच घेऊन मी डोंबिवलीपासून आले होते. आईने मोरीत नेऊन माझा चेहरा धुतला. साबण लावून, घासून घासून. कपाळ लाल झालं. मी रडायला लागले तेव्हा ती थांबली आणि तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसली.

"तुझी चूक नाय. चूक माझी हाय," ती म्हणाली. "मी नुसतं 'नको' बोलले. त्यांना वाटलं भीड वाटते म्हणून नको बोलते. 'आमच्यात हे करत नाय, आम्ही बौद्ध', असं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी विचारायची वाट बघत बसले."

ही चूक फक्त आमच्यासारखेच लोक करू शकतात. दुसऱ्या कोणाच्या 'नको'चा अर्थ असा भलताच लागत नाही. आमच्या आजोबांनी गावची कामं सोडली, गावकीची भाकर सोडली, घरातले देव गोणीत बांधून नदीत सोडले. आमच्या घरची सून देवीच्या जेवणाला 'नको' म्हणते तेव्हा त्यामागे एवढं सगळं असतं. समोरच्या बाईला त्यात फक्त गरिबाघरचा संकोच दिसला.

आणि आडनावाचंही सांगते. जाधव हे आडनाव कोणाचंही असतं. मराठ्यांचं असतं, आमचं असतं, आणखीही चार जातींचं असतं. त्यामुळे जाधव म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर एक प्रश्न येऊन थांबतो. सरळ विचारायची लाज वाटते, म्हणून तो वळसे घेऊन येतो. गाव कोणतं? गावात कुठे घर? पाव्हणे कुठले? घरी गणपती दीड दिवसाचा की पाच? कुलदेवी कोणती? आणि उत्तर मिळालं नाही तर माणूस स्वतःच स्वतःला हवं ते उत्तर देऊन मोकळा होतो. आमच्या नात्यातल्या कित्येकांनी या सोयीवर नोकऱ्या काढल्या, घरं भाड्याने घेतली. त्यांनी कोणाला खोटं सांगितलं नाही. फक्त खरं सांगितलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याला भाड्याचं घर लागतं त्यालाच ठाऊक.

पण माझ्या आईने ती सोय त्या दिवशी मोरीत धुऊन टाकली.

त्यानंतर ती नव्या घरी कामाला जायची तेव्हा चपला काढायच्या आधी, उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची. मी सुट्टीत तिच्यासोबत जायचे, त्यामुळे ते वाक्य मला पाठ आहे. एरवी ती शहाडच्या चाळीतलं बोलायची, पण हे वाक्य पुस्तकातल्यासारखं.

"माझं नाव शांताबाई जाधव. आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर आत येते."

समोरचे चेहरे मी खालून बघायचे. लहान पोराला चेहरे खालून दिसतात, तिथून हनुवटी हललेली चांगली कळते. एक बाई म्हणाली, "अहो आमचं काही नाही हो, पण सासूबाईंचं सोवळं असतं." त्या घरात सासूबाई नव्हत्या, फोटो होता. एकीने "फोन करते" म्हटलं. आमच्याकडे फोन नव्हता, आणि तिने नंबर विचारलाही नाही. एकजण आतून ओरडले, "असं दारात येऊन कशाला सांगायचं? आम्ही विचारलं का?" आणि एक बाई फार गोड बोलली. म्हणाली, "पोळ्यांचं नाही जमणार, पण भांड्यांना बाई हवीच आहे. भांड्यांना चालेल आम्हाला."

आई म्हणाली, "भांडी घासायची मला लाज नाय. पण हात हेच असणार, बाई." आणि निघाली.

आमच्या घरात याची किंमत मोजावी लागली, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर आईचं कौतुक फुकटचं होईल. बाबा एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत हेल्पर होते, त्यांची छाती आधीच गेलेली. आईला तीनऐवजी एक घर मिळायला लागलं, कधी तेही नाही. बाबा चिडायचे. "तुला कोणी विचारतं का? तू स्वतःहून का जाऊन सांगतेस? पोरीच्या तोंडचा घास काढतेस." आई कणीक मळत बसायची. मग एखाद्या वेळी म्हणायची, "पोरीला पानावरून उठवली ना? आता आत बोलवायचं तर माहीत करून बोलवा." बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते.

ज्यांनी "या आत" म्हटलं तीही घरं होती. एक नर्सबाई होत्या, एक रिटायर्ड मास्तर. त्यांच्याकडे आईने वर्षानुवर्षं पोळ्या केल्या. पण त्यांची नावं काढून मी या लिखाणाला गोड करणार नाही. दोन दारं उघडली म्हणून बंद झालेल्या दारांचा हिशेब मिटत नाही.

मला आईचा राग यायचा का? यायचा. कॉलेजात माझी एक मैत्रीण म्हणायची, "अगं तू जाधव आहेस ना, चालून जातं, तू कशाला एवढं सांगत बसतेस?" तिच्या घरी जेवायला बोलावलं की मी आदल्या दिवसापासून ठरवत बसायचे. ताटावर बसायच्या आधी सांगावं की नंतर? आधी सांगितलं तर मूड जातो, नंतर सांगितलं तर फसवणूक होते. एवढंसं जेवण, पण त्याला केवढा विचार. इतर मुली वरणात तूप किती घ्यायचं याचा विचार करायच्या. शेवटी मी आईसारखंच करायला लागले. जिन्यातच सांगून टाकायचे. "काकू, आम्ही बौद्ध आहोत, माहीत असलेलं बरं." काकू म्हणायच्या, "अगं त्यात काय!" आणि मग जेवणभर त्या इतक्या जास्त प्रेमाने वाढायच्या की पुरे म्हणून म्हणून मी दमायचे. पण एक झालं. माझं ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं. मी निवांत बसायला शिकले. आईने मला दिलेली पहिली मोकळीक ती.

बी. कॉम. झाल्यावर मी ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका केटरिंग कंपनीत लागले. लग्नं, मुंजी, साठीशांती. मी बुकिंग घ्यायचे. गिऱ्हाईक टेस्टिंगला आलं की विचारायचंच, "मॅडम, जाधव म्हणजे कुठले?" मी सांगायचे. आमचे मॅनेजर एकदा मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "जाधव मॅडम, क्लायंटला एवढे डिटेल्स कशाला? सातारा म्हणून सोडून द्यायचं." मी म्हटलं, "सर, त्यांना सातारा नको असतो." त्यांनी मला बुकिंगवरून काढून मागे बिलिंगला बसवलं. पगार तोच. फक्त गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं नाही. मी सहा महिने बिलं केली आणि राजीनामा दिला.

त्यानंतर मी आणि आईने डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत एक गाळा घेतला, भाड्याने. पोळीभाजी केंद्र. आई पोळ्या करणार, मी भाज्या आणि गिऱ्हाईक बघणार. हाताखाली दोन बायका. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याच्या खाली पोळ्यांचे डबे. आईनेच लावला तो, पहिल्या दिवशी, स्टुलावर चढून. आईच्या पोळीला पदर सुटतात, ती थंड झाली तरी चामट होत नाही. आयटीतली पोरं, एकटे राहणारे म्हातारे, नोकरीवाल्या बायका, संध्याकाळी रांग लागायची. रांगेतले सगळे फोटो बघायचे. काही पुन्हा यायचे, काही नाही. धंदा चालला होता. गुडघ्यांमुळे आईला उभं राहवत नव्हतं. ती उंच स्टुलावर बसून लाटायची.

मग गेल्या वर्षी शीळफाट्याकडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचे लोक आले. सात टॉवर. आत स्वतःचं क्लब हाऊस, स्वतःचं मंदिर. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांना रोजचा डबा हवा होता, शिवाय गणपतीत आणि नवरात्रात महाप्रसाद. एवढं काम मिळालं तर मोठा गाळा घेता आला असता, आईला लाटायला माणूस ठेवता आला असता. तिचे गुडघे वाचले असते. मला ते काम हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

चेअरमन स्वतः आले होते. सोबत कमिटीतल्या एक मॅडम. दोघांनी पोटभर खाल्लं. चेअरमननी आईला हात जोडून म्हटलं, "आजी, माझ्या आईच्या हातची आठवण झाली." आई लाजली. मग ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "जाधव म्हणजे तुम्ही साताऱ्याकडचे का? आमचे व्याही जाधवच आहेत. फलटणचे."

"साताऱ्याकडचेच," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत."

त्यांनी मागे वळून फोटोकडे पाहिलं. मग हसले. मोकळं हसले, मला जरा बरं वाटलं. "अहो मग काय झालं? आजच्या काळात कोण मानतं हे? आम्ही सगळ्यांत मिळून मिसळून राहतो." मॅडमही म्हणाल्या, "एक्झॅक्टली." काम तुम्हालाच, असं सांगून गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"जाधव मॅडम, फक्त दोन छोट्या गोष्टी. आमचे मेंबर्स बघायला येतील, तेवढ्यापुरता तो फोटो आतल्या बाजूला लावा. आणि महाप्रसादाच्या दिवशी नैवेद्याचं ताट आमचे गुरुजी त्यांच्या माणसाकडून करून घेतील, बाकी पंगत तुमची. कोणी विचारलं तर जाधव एवढंच सांगा. तेवढं पुरतं."

"आणि पुढे विचारलं तर?"

"अहो, जाधव म्हटल्यावर पुढे कोण विचारतंय?"

मी म्हटलं, उद्या कळवते. फोन ठेवला. चौथीतल्या मुलीला निदान 'ऊठ' म्हणाले होते. आता उठवत नाहीत. आता म्हणतात बसा, जेवा, आमच्याकडून कामही घ्या, फक्त तुम्ही आहात ते नसल्यासारखे बसा. आणि हे सगळं आदराने, मॅडम म्हणून.

आईने स्टुलावरून सगळं ऐकलं होतं. मला खात्री होती ती काय म्हणेल. त्यामुळे ती बोलली तेव्हा मला आधी कळलंच नाही.

"लाव आत फोटो," ती म्हणाली.

"काय?"

"आत लाव. आत काय, बाहेर काय, आपल्याला तर माहीत हाय ना. दोन बाया हायेत आपल्या हाताखाली, त्यांची पोरं हायेत. घे ते काम."

"आई, तू बोलतेस हे?"

"मीच बोलते." तिने लाटणं खाली ठेवलं. "मी केलं ते माझ्या अंगावर केलं. तुझे बाबा ओरडले, ऐकून घेतलं. उपाशी झोपले, झोपले. तुझ्या अंगावर नको आता. मी थकले गं. दारात उभी राहून बोलून बोलून थकले. एकदा तरी कोणीतरी न विचारता आत घ्यावं असं मला वाटलं नसंल का?"

हे तिने आयुष्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं. मला वाटायचं तिला काही वाटत नाही. ती प्रत्येक दारातून ताठ मानेने फिरायची, म्हणून मला वाटायचं तिला लागत नाही. तिला प्रत्येक दार लागलं होतं. माझ्या आईबद्दल मला जेवढा अभिमान होता तेवढीच त्या क्षणी मला त्या सगळ्या लोकांची चीड आली. एका बाईला त्यांनी एवढं दमवलं होतं की जिने खोटं बोलणं कधी जमवून घेतलं नाही, तीच आता लेकीला गप्प बस म्हणत होती.

मी तिच्यासमोर खाली बसले. तिचे गुडघे माझ्या हातात होते, सुजलेले.

"आई, तुझं ऐकूनच मी इथपर्यंत आले," मी म्हटलं. "आज तुझं ऐकणार नाही."

ती रडली. मी तिला समजावलं नाही.

सकाळी मी चेअरमनना फोन केला. जे बोलले ते शब्दशः असं होतं. "फोटो आहे तिथेच राहील. नैवेद्य कोणाकडून करून घ्यायचा तो तुमचा प्रश्न. पण जाधव एवढंच सांगायचं, हे माझ्याकडून होणार नाही. मी पूर्ण सांगणार, पंगतीला सांगणार, वाढताना सांगणार."

ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोक कुठलीही गोष्ट इश्यू करता. म्हणून मागे राहता."

तुम्ही लोक. कालपर्यंत मी त्यांच्या व्याह्यांची नातलग निघते की काय अशी परिस्थिती होती.

काम गेलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या कॉम्प्लेक्समधून येणारी आमची जुनी गिऱ्हाइकंही एकेक करून बंद झाली. कोणी काही म्हटलं नाही. एका काकांना मी वाटेत गाठून विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी गहू बंद केलाय." दुसऱ्या एका ताईंचाही गहू बंद झाला होता. आठवड्याभरात डोंबिवलीतले इतके लोक गव्हाने आजारी पडले की मला हसू यायला लागलं. हाताखालच्या दोघींपैकी एकीला मला अर्धा दिवस यायला सांगावं लागलं. तिने का म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "ताई, फोटो आत लावला असता तर?" मी तिला दोष देत नाही. तिच्या घरी दोन मुलं आहेत.

त्या दिवसांत रिकामा वेळ बराच असायचा. मी गल्लीतून, स्टेशनपर्यंतच्या रस्त्यातून पायी फिरायचे आणि खाण्याच्या दुकानांच्या पाट्या वाचायचे. इतकी वर्षं त्याच रस्त्याने गेले होते, वाचल्या नव्हत्या. 'अस्सल ब्राह्मणी चवीचं जेवण'. 'सीकेपी खासियत'. 'आगरी पद्धतीचं मटण'. 'मराठा खानावळ'. प्रत्येक पाटीवर जात. मोठ्या अक्षरात, वर लाइट लावून. तिथे कोणी म्हणत नाही, आजच्या काळात हे कशाला. तिथे कोणाला इश्यू वाटत नाही. लोक कौतुकाने वाचतात, घरच्यांना घेऊन येतात, जेवतात, फोटो काढतात. जातीने स्वयंपाकाला चव येते, हे या शहराला मान्य आहे. फक्त माझ्या आईच्या पोळीवर तिचं नाव आलं की पोळी खाली उतरत नाही.

मी पाटीवाल्याकडे गेले. आमची जुनी पाटी, नुसतं 'जाधव पोळीभाजी केंद्र' लिहिलेली, काढून टाकायला सांगितली. नवीन पाटीचा मजकूर तोंडी सांगितला. त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"मॅडम, हे नक्की टाकायचंय? धंद्याची पाटी आहे."

"नक्की. जाधव जेवढ्या आकारात आहे तेवढ्याच आकारात."

पाटी लागली तेव्हा आईला मी रिक्षाने आणलं. तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून ती अगदी खाली जाऊन उभी राहिली. मान वर करून तिने एकेक अक्षर जोडून वाचलं. 'शांताबाई जाधव पोळीभाजी केंद्र. बौद्ध घरचं जेवण.' बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आहेत तीपण गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ दे."

"गाळा सोडायला लागला तर?"

"तर घरातून करू. पाटी घराला लावू."

ती आत गेली, पदर खोचला आणि कणीक मागितली.

धंदा अजून सावरलेला नाही. सावरेल की नाही, मला ठाऊक नाही. रोज संध्याकाळी काही लोक गल्लीत वळतात, वर बघतात, पाय थांबतो आणि पुढच्या दुकानात जातात. मी काउंटरवरून बघत असते. मला आता त्याचं वाईट वाटत नाही, चीड येते, आणि ती चीड मी जपून ठेवली आहे. जे आत येतात ते वाचून येतात. कधीतरी एखादा आत येतो, पोळी हातात घेऊन घोळत उभा राहतो, आणि तोच जुना प्रश्न काढतो. ताई, जाधव म्हणजे तुम्ही कुठले?

मी उत्तर देत नाही. पाटीकडे बोट दाखवते आणि दुसरं गिऱ्हाईक घेते. सांगून सांगून माझ्या आईचं आयुष्य गेलं. आता वाचायचं काम त्यांचं.